जुन्या गाडीचा सेल्फ गेला? पाना हातात घेण्याआधी हे वाचा

चावी फिरवली, 'टक्' असा एकच आवाज आला आणि पुढे शांतता. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीने पहिल्यांदा असं केलं तेव्हा मी जागच्या जागी निदान करून टाकलं: सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर, गेला. दोन संध्याकाळ गाडीखाली आडवं पडून मोटर काढली, नवी आणून बसवली, मोठ्या आशेने चावी फिरवली. टक्. दोष होता इंजिन आणि बॉडीला जोडणाऱ्या अर्थच्या पट्टीत. तिच्या टोकाच्या लगखाली, म्हणजे बोल्टला बसणाऱ्या चकतीखाली, गंजाचा थर बसला होता. एक पाना, थोडा पॉलिश पेपर आणि दहा मिनिटं, एवढंच काम होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दोन वर्षांनी सेल्फ खरोखरच गेला. तेव्हा मी आधी मीटर लावला आणि मग पाना. एका दुपारीत काम संपलं. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांनी माझ्यासारख्या दोन संध्याकाळ घालवू नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे. आकडे १२ व्होल्टच्या गाड्यांचे आहेत.

१. सेल्फ नेमकं काय करतो

मोटरच्या पाठीवर जो छोटा डबा असतो तो सोलेनॉइड. चावी फिरवली की बारीक वायरीतून त्याला करंट मिळतो आणि तो एका झटक्यात दोन कामं करतो. आतला दांडा ओढला जाऊन दुसऱ्या टोकाचं पिनियन (छोटं दातेरी चाक) इंजिनच्या फ्लायव्हीलभोवतीच्या दातेरी रिंगमध्ये शिरतं आणि त्याच वेळी तांब्याची एक चकती दोन जाड बोल्टांवर जाऊन आपटते. त्या आपटण्याने बॅटरीचा मोठा करंट मोटरला मिळतो. पिनियनला नऊ-दहा दात आणि रिंगला शंभरावर, म्हणून एवढीशी मोटर अख्खं इंजिन फिरवू शकते.

तो 'टक्' आवाज सोलेनॉइडचा असतो. म्हणजे आवाज आला तर बारीक वायरीचं काम झालं, अडलंय ते जाड वायरीच्या बाजूला. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

फार जुन्या काही गाड्यांत सोलेनॉइड मोटरवर नसतो, बॉनेटखाली वेगळा बसवलेला असतो आणि पिनियन आट्यांवरून स्वतःच्या झटक्याने पुढे जातं. तपासणीचं तत्त्व तेच, वायरी फक्त लांबून येतात.

२. कान लावा

कोणाला तरी चावीवर बसवा आणि स्वतः बॉनेटपाशी उभे राहा. सोबत हेडलाइट लावायला सांगा, ते फुकटचे मीटर आहेत.

- टिकटिकटिकटिक असा भराभर आवाज आणि लाइट मंद: बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं किंवा खराब आहे. मोटरकडे पाहूसुद्धा नका.
- एकच ठसठशीत 'टक्', लाइट तसेच प्रखर: मोटर करंट ओढतच नाहीये. सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळलेत किंवा मोटरचे कार्बन (फिरत्या भागाला घासून करंट देणारे ठोकळे) संपलेत.
- एकच 'टक्' आणि लाइट जवळजवळ विझले: टर्मिनल, अर्थ किंवा जाम झालेली मोटर. क्वचित जाम झालेलं इंजिनही.
- आवाजच नाही: चावीचा स्विच, रिले, बारीक वायर किंवा क्लच वा न्यूट्रलचा सेफ्टी स्विच.
- मोटर 'घुर्रर्र' करून मोकळी फिरते, इंजिन हलत नाही: पिनियनचा एकदिशी क्लच घसरतोय किंवा पिनियन पुढे येत नाही.
- करकर, दातांवर दात: पिनियन किंवा रिंगचे दात झिजलेत.
- इंजिन फिरतं पण कण्हत कण्हत: यात सगळेच संशयित. गाडी गरम झाल्यावरच असं होत असेल तर मोटरचे बुश (दांडा ज्यांत फिरतो ती कडी) झिजून आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) आत घासत असण्याची शक्यता जास्त.

करकर अधूनमधून येत असेल तर त्यामागचं कारण मोठं गमतीचं आहे. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे नेहमी जवळपास त्याच दोन जागी थांबतं. त्यामुळे पिनियनचा मार रिंगच्या त्याच दातांना बसत राहतो. इंजिन तिथे थांबलं की करकर, दुसरीकडे थांबलं की सगळं ठीक. अशा वेळी नवा सेल्फ आणला तर त्याचंही पिनियन काही दिवसांत खराब होईल.

३. मोजा. मग ठरवा

बाजारात मिळणारा साधा डिजिटल मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. तपासताना इंजिन सुरू होऊ नये म्हणून पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइलची बारीक वायर काढून ठेवा. डिझेल गाडीत इंधन बंद करण्याची जी सोय असेल ती वापरा.

पहिलं, बॅटरी. काही तास उभ्या असलेल्या गाडीत १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जाऊ नये. तशी जात असेल तर आधी चार्ज करा, नंतर पुन्हा पाहा. अर्धवट बॅटरीवर केलेल्या पुढच्या कोणत्याच चाचणीला अर्थ नाही.

दुसरं, पॉझिटिव्हची वाट. मीटरची लाल वायर बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर ठेवा. खांबावर म्हणजे खांबावरच, त्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर नाही. काळी सेल्फच्या ज्या जाड बोल्टवर बॅटरीची वायर येते त्यावर. आता सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर मधल्या वायरीत किंवा तिच्या टोकांत करंट अडतोय.

तिसरं, अर्थची वाट. काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल सेल्फच्या उघड्या धातूवर. ०.३ च्या वर गेलं तर अर्थ खराब. माझ्या त्या पहिल्या फजितीच्या वेळी ही चाचणी केली असती तर मीटरने सव्वादोन व्होल्ट दाखवले असते. नंतर कुतूहलापोटी पट्टी पुन्हा गंजक्या लगसकट लावून पाहिली तेव्हा तेवढेच दिसले.

चौथं, सोलेनॉइड. त्यावर दोन जाड बोल्ट असतात. एकावर बॅटरीची वायर येते, दुसऱ्यावरून जाड वेणी मोटरच्या पोटात जाते. चावी फिरवल्यावर पहिल्या बोल्टवर व्होल्टेज आहे, 'टक्' वाजतंय, पण दुसऱ्यावर काहीच नाही, तर आतले कॉन्टॅक्ट जळलेत. दुसऱ्या बोल्टवर दहाएक व्होल्ट पोचतायत आणि तरी मोटर ढिम्म, तर दोष मोटरच्या आत. आणि 'टक्'च येत नसेल तर बारीक वायरीच्या टर्मिनलवर मोजा. तिथे आठच्या खाली असेल तर सोलेनॉइड निर्दोष आहे, चावीचा स्विच किंवा रिले धरा. जुन्या गाड्यांत हे फार होतं, कारण सोलेनॉइडचा सगळा करंट बिचाऱ्या चावीच्या स्विचमधून जातो.

मोटरला हातोडीने हलकं ठोकलं की सेल्फ चालतो, हा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. तो खराही आहे: झिजलेले कार्बन ठोकल्यावर हलतात, थोडे खाली बसतात आणि दोन-चार वेळा गाडी सुरू होते. घरी पोचण्यापुरता उपाय आणि निदान म्हणून चांगला. पण काही मोटरींत वाइंडिंगऐवजी कायम चुंबक चिकटवलेले असतात. ते ठिसूळ असतात. तिथे जोरात हातोडी मारली तर चुंबकाचे तुकडे आर्मेचरमध्ये अडकतात आणि दुरुस्तीची मोटर भंगाराची होते.

स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइडचे बोल्ट जोडून गाडी सुरू करण्याची करामतही दिसेल. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती त्या क्षणी पुढे उडी मारते, आणि तुम्ही तिच्या समोर किंवा खाली असता. मी हे करत नाही.

४. सामानाची जमवाजमव

- १० ते १९ चे सॉकेट, रॅचेट, लांब एक्स्टेन्शन आणि वाकणारा जॉइंट. वरचा बोल्ट या जॉइंटशिवाय सहसा निघत नाही
- रिंग पाने, पक्कड, चपटा आणि फुली स्क्रूड्रायव्हर
- जॅक, दोन घोड्या आणि चाकांना लावायला अडण्या
- गंज सोडवणारा स्प्रे, तारेचा ब्रश, बारीक पॉलिश पेपर
- मल्टीमीटर, जंप केबल, डोळ्यांवर लावायला चष्मा
- गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल किंवा निदान मॉडेल, वर्ष आणि इंजिनचा प्रकार लिहिलेला कागद. जुन्या मोटरवरची पट्टी वाचता आली तर तिचा नंबरही
- मोबाइलचा कॅमेरा

कॅमेरा सगळ्यात आधी वापरा. वायर काढण्यापूर्वी तीन बाजूंनी फोटो. 'लक्षात राहील' म्हणून सोडलेली वायर कधीच लक्षात राहत नाही.

५. मोटर काढणे

बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा आणि टर्मिनल बाजूला दाबून ठेवा, म्हणजे ते परत खांबाला टेकणार नाही. ही पायरी गाळू नका. सेल्फच्या जाड बोल्टवर बॅटरीची वायर थेट येते, मध्ये बहुतेक वेळा फ्यूज नसतो. पाना त्या बोल्टवर आणि बॉडीवर एकदम टेकला तर तो वेल्डिंगसारखा चिकटतो. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा, तेही धातूचेच.

गाडी उचलायची असेल तर घोड्यांवर. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, खाली शिरण्यासाठी नाही. सायलेन्सरचा पाइप मोटरच्या शेजारूनच जात असेल तर इंजिन पूर्ण गार होऊ द्या.

बोल्टांवर स्प्रे मारून अर्धा तास थांबा. आधी बारीक वायर, मग जाड. जाड वायरीचा नट सोडवताना मागचा बोल्टही फिरू लागला तर तिथेच थांबा. बळ लावलं तर सोलेनॉइडचं झाकण फुटतं. दुसऱ्या पान्याने आतला नट धरून मग वरचा सोडवा.

बसवणीचे बोल्ट दोन असतात, कधी तीन. खालचा समोर दिसतो, वरचा हाताने चाचपून शोधावा लागतो. वरचा आधी काढा. खालचा शेवटी, आणि तेव्हा एक हात मोटरखाली असू द्या. मोटर दिसते त्यापेक्षा बरीच जड असते आणि सुटते ती नेमकी तोंडाच्या दिशेने. मधे पातळ पत्र्याच्या चकत्या निघाल्या तर त्या जपून ठेवा. पिनियन आणि रिंगमधलं अंतर त्यांनीच राखलेलं असतं.

मोटर निघाली की त्या भोकातून बॅटरी मारा, विजेरी म्हणायचं मला, आणि रिंगचे दात पाहा. क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हळूहळू पूर्ण एक फेरा फिरवा आणि एकूण एक दात नजरेखालून घाला. कोपरे थोडे गोल झालेले चालतात. अर्धे खाल्लेले किंवा तुटलेले असतील तर गिअरबॉक्स उतरवून रिंग बदलावी लागेल, आणि ते काम गॅरेजचं.

६. बाकावर चाचणी

मोटर शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडा. शेगडा नसेल तर जाड फळीला घट्ट बांधा. पायाखाली दाबून धरणारे आहेत, पण सुरू होताना ती असा हिसका देते की पाय निसटतो. जंप केबलने बॅटरीचं निगेटिव्ह मोटरच्या धातूला, पॉझिटिव्ह बॅटरीची वायर यायची त्या जाड बोल्टला. मग जाड बोल्ट आणि बारीक टर्मिनल वायरीच्या तुकड्याने क्षणभर जोडा. पिनियन झटकन बाहेर येऊन मोटर जोरात फिरायला हवी. दोन-तीन सेकंदच. या मोटरींना भार नसला की त्या वेग वाढवतच जातात.

पिनियन हातानेही फिरवून पाहा: एका दिशेने मोकळं, उलट दिशेने आर्मेचरला सोबत घेऊन. दोन्हीकडे मोकळं फिरलं तर क्लच गेला. तो दुरुस्त होत नाही, बदलायचा.

७. खोलणे आणि कार्बन

खोलण्याआधी दोन्ही झाकणं आणि मधली नळी यांच्यावर खूण करा, पेंटची रेघ किंवा कानशीचा ओरखडा. मागचं झाकण निघालं की काळी भुकटी सांडेल. ती कार्बनची, ब्रशने झटका. तोंडाने फुंकू नका.

बहुतेक मोटरींत चार कार्बन असतात. नव्याच्या निम्म्याहून कमी लांबी उरली असेल तर चारही बदला. माझे दोन कार्बन इतके झिजले होते की स्प्रिंग कार्बनला दाबण्याऐवजी होल्डरच्या कडेवर टेकली होती. म्हणून ठोकलं की चालायचं.

बोल्टने लावलेले कार्बन असतील तर सोपं. झाळलेले असतील तर इलेक्ट्रॉनिक्सची बारीक झाळणी चालत नाही, शंभर वॉटच्या आसपासची हवी. झाळताना वेणी पक्कडीने मधोमध धरा, नाहीतर कथील वेणीत वर चढतं, वेणी काडीसारखी ताठ होते आणि कार्बन होल्डरमध्ये सरकत नाही. काही मोटरींचं वाइंडिंग ॲल्युमिनियमचं असतं. त्यावर कथील बसतच नाही. तिथे जुन्या वेणीचं बोटाच्या पेराएवढं शेपूट ठेवून त्याला नवा कार्बन झाळायचा.

आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं जे नळकांडं असतं ते कॉम्युटेटर. काळपट असेल तर बारीक पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळून फिरवा. एमरी कापड नको, त्याचे कण वीज वाहतात आणि पट्ट्यांमधल्या फटीत रुततात. फटी भरल्या असतील तर हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने हलक्या हाताने कोरून घ्या. नंतर मीटरने दोन गोष्टी तपासा. शेजारच्या पट्ट्यांत आपसात जोड दिसला पाहिजे; पट्टी आणि मधला दांडा यांच्यात अजिबात दिसता कामा नये. दिसला तर आर्मेचर अर्थ झालंय.

बुशमध्ये दांडा खुळखुळत असेल तर बुश बदला. नवे ब्राँझचे बुश बसवण्यापूर्वी इंजिन ऑइलमध्ये रात्रभर भिजवा. ते सच्छिद्र असतात, तेल पिऊन घेतात. पिनियनचा क्लच मात्र पेट्रोलमध्ये किंवा रॉकेलमध्ये धुऊ नका. आतलं ग्रीस निघून जातं आणि महिन्याभरात तो घसरू लागतो. कोरड्या फडक्याने पुसा.

सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळले असतील आणि झाकण खोलता येत असेल, तर एक जुनी युक्ती आहे. बऱ्याच सोलेनॉइडमध्ये जाड बोल्टाचं डोकं एकाच बाजूला खाल्लं जातं. बोल्ट अर्धा फेरा फिरवून बसवला की कोरी बाजू पुढे येते. चकतीही उलटी करता येते.

जुळवताना सगळ्यात वैताग देतात ते कार्बनच. चार स्प्रिंगा, चार कार्बन आणि हात दोन. प्रत्येक कार्बन वर ओढा आणि स्प्रिंग त्याच्या पाठीऐवजी कुशीवर टेकवा, म्हणजे तो तिथेच अडकून राहतो. प्लेट कॉम्युटेटरवर सरकवली की एकेक कार्बन खाली ढकला. स्प्रिंग आपोआप पाठीवर उडी मारते.

८. दुरुस्त करायचा की बदलायचा

कार्बन, बुश, सोलेनॉइड, पिनियन: दुरुस्त करा. जुन्या मोटरींचं तांबं आणि लोखंड भक्कम असतं, नव्या स्वस्त मोटरीपेक्षा ती जास्त टिकते असं माझं मत आहे. आर्मेचर अर्थ झालं, वाइंडिंग जळून करपट वास येतोय किंवा चुंबक फुटलेत, तर बदला.

बदली मोटर आणताना जुनी सोबत न्या आणि शेजारी ठेवून पाहा. पिनियनचे दात मोजा, बोल्टांची भोकं, नाकाची लांबी आणि फिरण्याची दिशा जुळवा. रिबिल्ट मोटर घेत असाल तर चकचकीत रंगावर जाऊ नका, बाकावर फिरवून दाखवायला सांगा. नवी बसून गाडी दहा वेळा सुरू होईपर्यंत जुनी परत देऊ नका.

९. परत बसवताना

मोटरला अर्थ मिळतो तो बसवणीच्या तोंडातूनच. म्हणून ते तोंड आणि इंजिनवरची जागा तारेच्या ब्रशने चकचकीत करा, तिथे रंग नको. दोन्ही बोल्ट हाताने काही आटे गेल्यावरच पाना लावा, मग आळीपाळीने आवळा. उष्णतेची ढाल काढली असेल तर ती लावायला विसरू नका. जाड वायर, बारीक वायर, आणि बॅटरीचं निगेटिव्ह सर्वांत शेवटी.

सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, आणि मधे अर्धा मिनिट तरी थांबा. चार्ल्स केटरिंगने विजेचा स्टार्टर घडवला आणि १९१२ च्या कॅडिलॅकवर तो आला, तेव्हा त्याची सारी मेख याच गोष्टीत होती: मोटर क्षणभरच चालणार, म्हणून लहान मोटरीवरही भरमसाट भार टाकता येतो. आजही लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर-दोनशे अँपिअर ओढतो. दहा सेकंदांनंतर ती मोटर नाही, शेगडी असते.

पहिल्या वेळी चावी फिरवून कान द्या. किंचाळल्यासारखा आवाज आला तर पिनियन आणि रिंगमधलं अंतर चुकलंय, काढलेल्या चकत्या बघा. इंजिन सुरू झाल्यावर चावी सोडताच सेल्फचा आवाज बंद व्हायला हवा. नाही झाला तर लगेच इंजिन बंद करा, तरीही मोटर फिरत राहिली तर बॅटरीचं निगेटिव्ह काढा. म्हणून पहिल्या वेळी १० चा पाना बॅटरीशेजारी हाताशी ठेवा. आठवड्याने जाड वायरीचा नट आणि बसवणीचे बोल्ट पुन्हा एकदा आवळून बघा. माझा वरचा बोल्ट पाव फेरा ढिला झाला होता.